हुगळीकाठचे चिनी गाव

कोलकात्याहून बजबजमार्गे हुगळीच्या काठाकाठाने गेल्यास अछीपूर लागते. या बंगाली खेड्याला नाव मिळाले आहे ते एका चिनी माणसावरून! वॉरन हेस्टिंग्जच्या अमदानीत टोंग अछी नावाच्या व्यापाऱ्याने येथे जमीन मिळवून उसाची लागवड केली, साखरेचा कारखाना काढला आणि मायदेशाहून कामकरी आणविले. बंगाली माणूस साखरेला 'चिनी' म्हणतो, हा योगायोग मोठा गोड खराच. अछीची घोड्याच्या नालेच्या आकाराची तांबडी समाधी नदीकाठी अद्याप उभी आहे. चिनी नववर्षाच्या सुमारास कोलकात्यातील कुटुंबे तेथे उदबत्त्या लावावयास जातात.

कारखाना बुडाला, चिनी लोक मात्र शहरात टिकले. कोणी सुतार झाले, कोणी दंतवैद्य. हक्का मंडळींनी टेंगऱ्यात कातडी कमावण्याचा धंदा उभारला. आपण ज्या कामाला शिवाशिव चिकटविली, त्यावर त्यांनी घरे बांधली. तेथील कालीमंदिरात नूडल्सचाही नैवेद्य असतो!

पण १९६२ च्या युद्धात चिनी वंशाच्या सुमारे ३,००० लोकांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत नेण्यात आले. त्यांत भारतातच जन्मलेली मुलेही होती. काहींच्या सुटकेला १९६७ उजाडले. परतलेल्या कित्येकांना ना घर उरले होते, ना दुकान. पुष्कळांनी पुढे कॅनडाची वाट धरली.

जे राहिले, त्यांच्यातील काही जण टिरेटा बाजारात पहाटे वाफाळलेली न्याहारी विकतात. आठाच्या सुमारास सारे आटोपते, तेव्हा उजाडतानाच तेथे पोहोचावे.