काचेतला समुद्र

धाराशिव जिल्ह्यातून समुद्र दिसत नाही. बालाघाटाच्या उंचात उंच टेकडीवर उभे राहिले, तरी दृष्टीस पडतात ती माळराने, ज्वारीची शेते आणि क्वचित एखाद्या तलावाची चकाकणारी रेषा. पश्चिम किनारा येथून ३०० किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तरीही या भूमीचे समुद्राशी नाते फार जुने आहे. तेरणेकाठचे तेर हे गाव म्हणजेच प्राचीन काळचे तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. तगरचे कापड गाड्यांत भरून, बिकट वाटा तुडवीत भडोच बंदराला जाई आणि तेथून परदेशी रवाना होई.

येथील माल समुद्राकडे नेणे निराळे आणि समुद्रच येथे आणणे निराळे! हे दुसरे कामही आता अशक्य राहिलेले नाही. काचेच्या मोठ्या टाकीत खारे पाणी भरून त्यात समुद्रातील मासे पाळता येतात. मुंबईला मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले होते. २०१५ साली नूतनीकरणानंतर तेथे काचेचा बोगदाही झाला. पुढे २०२० साली, करोनाच्या साथीत, ते प्रेक्षकांसाठी बंद झाले. तत्पूर्वी जवळजवळ सत्तर वर्षे आबालवृद्धांनी तेथे काचेला नाक लावून मासे पाहिले. मात्र त्या माशांना जिवंत ठेवणारी जी यंत्रणा काचेच्या मागे अहोरात्र चालत असे, तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले असेल.

समजा, धाराशिवमधील एखाद्या शाळेने असे मत्स्यालय करण्याचे ठरविले. टाकी २ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि पाऊण मीटर उंच. तिच्यात १,५०० लिटर पाणी मावेल. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे या टाकीला ५२ किलोंहून अधिक क्षार लागतील. तेही स्वयंपाकाचे मीठ नव्हे, तर मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादी सर्व घटक असलेले मिश्रण. एवढी सिद्धता झाली की मन आतुर होते. सारा पैसा काच, दिवे आणि रंगीबेरंगी मासे यांवर खर्च होतो आणि उरल्यासुरल्या पैशांत गाळणी आणली जाते. वस्तुतः क्रम याच्या उलट हवा. आधी गाळणी, मग मासे.

असे का? मासा ज्या पाण्यात श्वास घेतो, त्याच पाण्यात त्याचा मलही मिसळतो. त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया नावाचे विषारी द्रव्य सतत बाहेर पडत असते. न खाल्लेले अन्न कुजते, त्यातूनही तेच निर्माण होते. अथांग सागरात हे विष कोठल्या कोठे विरून जाते. काचेच्या चार भिंतींत मात्र ते साचत राहते. विशेष म्हणजे ते डोळ्यांना दिसत नाही. पाणी स्फटिकासारखे नितळ असते आणि मासे तडफडत असतात. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते.

या विषावरचा उतारा निसर्गानेच निर्माण केला आहे. १८७७ साली श्लोसिंग आणि म्युंट्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू व चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपू दिले. सुमारे वीस दिवस काहीच फरक पडला नाही. पाण्यातील अमोनिया होता तसाच बाहेर येत राहिला. मग तो नाहीसा होऊ लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली. क्लोरोफॉर्मने जे थांबते, ते सजीवांचेच कार्य असले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. ते सजीव म्हणजे सूक्ष्म जीवाणू. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. काही त्या नायट्राइटचे पुष्कळच सौम्य असे नायट्रेट करतात.

म्हणून मत्स्यालयाची गाळणी ही केवळ चहाच्या गाळणीसारखी जाळी नव्हे. तिला तीन कामे करावी लागतात. पहिले, तरंगणारा गाळ अडविणे. हे काम स्पंज किंवा कापड करते. पण अडलेला गाळ वेळच्या वेळी काढला नाही, तर तो तेथेच कुजतो. दुसरे काम जीवाणूंना घर देण्याचे. सच्छिद्र दगड किंवा खापरासारखे तुकडे जितके अधिक, तितका त्यांना अधिक आसरा. तिसरे काम फेसाचे. उभ्या नळीत हवेचे बारीक बुडबुडे सोडले की पाण्यात विरघळलेली सेंद्रिय घाण त्यांना चिकटून फेसाबरोबर वर येते व बाजूला काढता येते. या साधनाला प्रोटीन स्किमर म्हणतात. खाऱ्या पाण्यात बुडबुडे फार बारीक होतात, म्हणून तेथे ते विशेष उपयोगी पडते.

आता प्रश्न आकाराचा. गाळणी टाकीच्या लांबी-रुंदीवरून निवडू नये; तीत किती मासे राहणार आणि त्यांना किती अन्न पडणार, यावरून निवडावी. पंपावर छापलेला आकडाही जसाच्या तसा धरू नये. ही गोष्ट येथील शेतकऱ्याला सांगावी लागत नाही. विहिरीवर मोटार बसविण्यापूर्वी तो विहिरीची खोली पाहतो. पाणी जितके उंच चढवायचे, तितकी धार बारीक होणार, हे त्याला ठाऊक असते. टाकीखालच्या गाळणीतून वर पाणी चढविणाऱ्या पंपाचेही तसेच आहे. म्हणून गरजेपेक्षा काहीशी मोठी गाळणी घेणे, हे शहाणपणाचे.

शिवाय वीज केव्हा जाईल, याचा नेम नसतो. जीवाणूंनाही प्राणवायू लागतो. वाहते पाणी फार वेळ थांबले, तर ते गुदमरून मरतात. यासाठी एका मोठ्या पंपाऐवजी दोन लहान पंप आणि बॅटरीवर चालणारे हवेचे यंत्र असावे. स्पंज धुताना क्लोरीनयुक्त नळाचे पाणी न वापरता टाकीतूनच काढलेले पाणी वापरावे. नाही तर घाणीबरोबर आपले सेवकही मरायचे. आणि सर्वांत मोठे साधन म्हणजे धीर. जीवाणूंचा संसार स्थिरावण्यास कित्येक आठवडे लागतात. तोवर टाकी रिकामी दिसली, तरी ती रिकामी नसते.

दुष्काळाची झळ सोसलेल्या या जिल्ह्यात आणखी एक विचार करणे अगत्याचे आहे. नायट्रेट साचू नये म्हणून टाकीतील थोडे पाणी अधूनमधून बदलावेच लागते. दहावा हिस्सा म्हटले, तरी १५० लिटर! ते खारे पाणी झाडांना घालता येत नाही, शेतात सोडता येत नाही. गाळणी समर्थ असेल आणि मासे मोजके असतील, तर हा व्यय बराच कमी होतो. गाळणीवर केलेला खर्च अशा रीतीने पाण्याचीही बचत करतो. आणि एवढी सोय करणे शक्य नसेल, तर मत्स्यालयाचा मोह आवरणे, हाही योग्यच निर्णय होय.

समुद्रातला मासा पाणी दूषित झाले, तर दुसरीकडे निघून जातो. काचेतल्या माशाला दुसरीकडे नाही. त्याचा सारा सागर म्हणजे त्याला पाळणाऱ्या माणसाची दूरदृष्टी. ती जेवढी विशाल, तेवढाच त्याचा समुद्र मोठा.