बिनगियरच्या गाडीचा गियरबॉक्स

ऑटोमॅटिक गियरबॉक्स म्हटलं की डोळ्यासमोर चकचकीत मोटार येते. पण आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत तो आला स्कूटरवर बसून, आणि तोही ‘बिनगियरची गाडी’ असं उलटं नाव घेऊन! किनेटिक होंडा १९८४ साली आली. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, बटन स्टार्ट, क्लच नाही, गियर नाही. पुण्याची किनेटिक आणि जपानची होंडा यांचा संसार १९९८ मध्ये मोडला. गाड्या मात्र काही अजून चालताहेत. त्यातली एक लाखांदूरला आमच्या अंगणात असते.

डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून बाबांना मोटरसायकलचा गियर दाबवत नाही. बांध्यांवर चक्कर मारायची किंवा गाडी पकडायला वडशाला जायचं, तर हीच स्कूटर. आणि तीच आता मागे कुणी बसलं की नुसती ओरडायची, पळायची नाही. नवीन घेऊ म्हटलं तर बाबा म्हणाले, "दे भंगारात. मी आता कुठं फिरतो?" स्कूटरपेक्षा हे वाक्य जास्त बिघडलेलं होतं. मग सुटे भाग नागपूरहून आणले आणि शनिवारी सकाळी डावीकडचं कव्हर उघडलं. आयुष्यात पहिल्यांदाच!

आत काय असतं? दोन पुल्या आणि मध्ये एक व्ही-बेल्ट. पुढच्या पुलीत सहा छोटे रोलर. इंजिनचा वेग वाढला की रोलर बाहेर फेकले जातात, पुलीच्या तबकड्या जवळ येतात आणि बेल्ट वर चढतो. मागची पुली स्प्रिंगला दाबत तेवढीच उघडते. झाला गियर चेंज! हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ साली हेच तत्त्व वापरून छोटी मोटार आणली होती. आम्ही जे पन्नास इफ-एल्स लिहून करतो, ते इथं वजन आणि स्प्रिंग करतात. प्रोसेसर नाही, अपडेट नाही.

बिघाडही डोळ्यांना दिसतो. गोल रोलर एका बाजूने चापट झालेले, म्हणजे ते मध्येच अडकणार. बेल्ट नव्याशेजारी ठेवला तर चक्क अरुंद. क्लचच्या शूजवर काचेसारखी चकाकी, म्हणून ओझं आलं की घसरणार. रोलर-बेल्ट बदलले, शूज पॉलिश पेपरने घासले, तबकड्या पेट्रोलने पुसल्या. बेल्टच्या वाटेवर ग्रीसचा थेंबही चालत नाही.

खरी कसोटी मागच्या क्लचच्या नटाची. तो सुटला की आतली स्प्रिंग उसळते, त्यामुळे कुणीतरी वरून दाबून धरावंच लागतं. बाबा खुर्ची ओढून बसले, दोन्ही हातांनी क्लच दाबला आणि म्हणाले, "होते का गा तुह्याच्यानं?" मी पाना फिरवला. पुन्हा बसवताना मात्र सूचना त्यांच्याच होत्या!

रविवारी संध्याकाळी आईला मागे बसवून ते वडशाच्या रस्त्याने जाऊन आले. गाडी थांबल्यापासून एका दमात वेग घेते, आवाज शांत. धान कापणीला मी येतो म्हटलं, तर उत्तर आलं, "तू कशाले? मी पायतो ना जाऊन गाडीनं."

एवढंच ऐकायचं होतं.