रंगाआधीचे काम

पेण तालुक्यातील हमरापूर आणि त्याच्या आसपासची जोहे, कळवे, तांबडशेत ही गावे गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी ओळखली जातात. मूर्तीवर आधी पांढऱ्या रंगाचा हात फिरतो, मग अंगाचा व पीतांबराचा रंग चढतो आणि शेवटी आखणी, म्हणजे बारीक कुंचल्याने डोळे रेखाटण्याचे सर्वांत जोखमीचे काम, होते. विणकामासाठी लोकर घरी रंगवण्याचा छंद या व्यवसायापासून दूरचा वाटला, तरी रंगाचा कस त्याआधीच्या तयारीवर ठरतो, हे सूत्र दोहोंना सारखेच लागू पडते.

फरक आहे तो रंगाच्या आयुष्याचा. मूर्तीचा रंग पृष्ठभागावर बसतो आणि विसर्जनापर्यंत तेजस्वी राहिला की त्याचे काम संपते. बाळाच्या टोपऱ्याला किंवा स्वेटरला दिलेला रंग मात्र तंतूच्या आत शिरून वर्षानुवर्षे धुण्यात आणि उन्हात टिकावा लागतो. बहुतेक वनस्पतिजन्य रंग आपण होऊन तंतूला घट्ट धरत नाहीत, म्हणून रंग आणि तंतू यांना जोडणारा पदार्थ, ज्याला रंगबंधक म्हणतात, तो आधी द्यावा लागतो. घरगुती कामात तुरटी हा त्यांतला सर्वांत सोपा आणि सौम्य पर्याय होय. लोकर प्रथिनांची बनलेली असल्याने तुरटी सहज स्वीकारते, तर सुती धाग्याला ती नीट धरावी म्हणून त्याला आधी हिरड्यासारख्या टॅनिनयुक्त, म्हणजे तुरट द्रव्य असलेल्या, फळाच्या काढ्यात भिजवण्याची रीत आहे.

शंभर ग्रॅम लोकरीला साधारण पंधरा ग्रॅम तुरटी पुरते. लडी तीन-चार ठिकाणी सैल बांधून कोमट पाण्यात पूर्ण भिजवायची, तुरटीच्या पाण्यात मंद आचेवर सुमारे तासभर ठेवायची आणि त्याच पाण्यात निवू द्यायची, मग झेंडूच्या पाकळ्यांच्या किंवा कांद्याच्या सालींच्या गाळलेल्या काढ्यात घालून तितक्याच संथपणे तापवायची, असा हा क्रम असतो. येथे घाई महागात पडते, कारण लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात आणि पाण्याचे तापमान एकाएकी बदलले किंवा लडी जोराने चोळली गेली, तर ते एकमेकांत अडकून लोकर आटते व तिचा नमदा होतो. शेवटी हिराकसाचा, म्हणजे लोहाच्या क्षाराचा, अत्यल्प अंश दिल्यास पिवळा रंग शेवाळी होतो, पण त्याचे प्रमाण वाढले तर लोकर खरखरीत बनते. दोन वेळच्या काढ्यांतून एकच छटा क्वचितच मिळते, म्हणून जाणत्या विणकर स्त्रिया दोन लडींच्या ओळी आलटून पालटून विणून तो फरक मुरवतात. या कामाची भांडी स्वयंपाकापासून वेगळी ठेवणे आवश्यक आहे.

पूर्वी दख्खनच्या घोंगडीत लोकर बहुधा मेंढीच्या मूळ काळ्या-पांढऱ्या रंगातच विणली जाई, तर निळीसारख्या कठीण रंगाचे काम निराळी समाजासारख्या व्यावसायिकांकडे असे. १८५६ मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ पर्किन यांना पहिला महत्त्वाचा कृत्रिम रंग गवसला आणि १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली, तेव्हा रंग स्वस्त आणि एकसारखे झाले, पण रंग कशातून येतो हे ज्ञान घराघरांतून मागे पडले. कृत्रिम रंगांचा तिरस्कार करण्याचे कारण नाही, कारण वनस्पतींचे सगळेच रंग पक्के नसतात. हळदीचा रंग मोहक असला तरी उन्हात लवकर उडतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मूर्तींसाठी विषारी रंगांऐवजी नैसर्गिक रंगांचा आग्रह धरला आहे, त्यामुळे मूर्ती रंगवणाऱ्यांसमोर आणि लोकर रंगवणाऱ्यांसमोर आता एकच प्रश्न उभा आहे, तो म्हणजे रंग पाण्यात गेल्यावर पुढे काय करतो. गणेशोत्सवातील झेंडूचे निर्माल्य पाण्यात सोडण्याऐवजी वाळवून ठेवले, तर त्यातून लोकरीला उबदार सोनेरी रंग मिळतो. ज्या घरात विणकामाच्या सुया आहेत, त्या घराने येत्या उत्सवानंतर हा प्रयोग अवश्य करावा आणि तुरटीच्या पायरीला फाटा देऊ नये.