पहिले हॉप्स

गेल्या सप्टेंबरात बाबा पोर्टलंडला आले, तेव्हा गॅरेजमधलं मोठं पातेलं लपवायचं की नाही यावर आम्हा नवरा-बायकोत दोन दिवस खल चालला होता. मी घरी बिअर बनवते हे त्यांना ठाऊक नव्हतं. आमच्याकडे दारूचा विषय निघत नाही. का, ते इथे वाचणाऱ्या नातेवाइकांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की थोरले काका त्यातच गेले.

नाहीच लपवलं शेवटी.

"हे कशाचं गं?"

"बिअरचं."

बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "कायद्यानं चालतं?" चालतं. १९७८च्या कायद्यानं दोन मोठी माणसं असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत मुभा आहे, फक्त विकायची नाही. (आमचे वर्षाला ३० सुद्धा होत नाहीत हो!)

शनिवारी ते खुर्ची घेऊन गॅरेजमध्ये येऊन बसले. जन्मभर केमिस्ट्री शिकवलेला माणूस, राहवेल कसं? पातेल्यात माल्टचं गोड पाणी तापत होतं. हातात कॅस्केड हॉप्सची पुडी. हा वाण इथल्याच कॉर्व्हालिसचा, १९७२ साली आलेला. पहिली उकळी दिसताक्षणी मी सवयीनं पुडी ओतली आणि दूध जातं तसं सगळं भस्सकन उतू गेलं. शेगडी विझली, चपलांत चिकट पाणी.

"घाई," बाबा म्हणाले. "आधी फेस बसू द्यायचा."

बरोबरच होतं. सुरुवातीला माल्टमधली प्रथिनं फेसाळून वर येतात, आणि त्यातच हॉप्सची भुकटी पडली की फेस अजून उसळतो. पाच-दहा मिनिटांत तो खाली बसला की मग पहिले हॉप्स घालायचे आणि तिथून साठ मिनिटं मोजायची. पण साठच का? बाबांनी विचारलंच. हॉप्समधली आल्फा अ‍ॅसिड्स पाण्यात धड विरघळत नाहीत. उकळून उकळून त्यांची रचना बदलते, तेव्हा कुठे ती विरघळतात आणि कडू लागतात.

"आयसोमरायझेशन!" बाबा खुर्चीत ताठ. "अणू तेच, मांडणी वेगळी."

तासभर उकळूनही जेमतेम चौथा हिस्सा बिअरमध्ये उतरतो, आणि त्यातलाही पाऊण भाग पहिल्या अर्ध्या तासातच. पुढे कितीही उकळा, फारसा फरक नाही. वास मात्र वाफेबरोबर केव्हाच उडून जातो, म्हणून वासाचे हॉप्स अगदी शेवटी.

दुसरी पुडी मी फेस बसल्यावर घातली. बाबांनी मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं आणि दर दहा मिनिटांनी वेळ सांगत राहिले. त्या तासात काकांबद्दल ते दोन वाक्यं बोलले. ती इथे लिहीत नाही.

सगळं गार झाल्यावर त्यांनी विचारलं, "यात अजून काही नाही ना?"

"नाही. यीस्ट घातल्यावरच."

चमचाभर घेतलं. तोंड वाकडं केलं. "काडेचिराईत. पण गोड काडेचिराईत." मग चमचा धुतला, खुर्ची मिटली आणि "घाल आता तुझं यीस्ट" म्हणून आत गेले.

बाटल्या भरल्या तोवर ते साताऱ्याला परतले होते. बिअर कशी झाली, हे त्यांनी विचारलं नाही. परवा फोनवर मात्र म्हणाले, "फेस बसेपर्यंत थांबतेस ना गं आता?"