पॉट गेले, साल गेलं

‘जुनेच तर होते, टाकून दिले.’ दुकानदार हे इतक्या सहज बोलला की आजही आठवलं की संताप होतो.

गिटार होती गिब्सनची बीआर-९. लॅप स्टील, म्हणजे आपण जिला हवाईयन गिटार म्हणतो ती. मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून पोलादी दांडी सरकवत वाजवायची. दादरच्या घरी बाबा व्हॅन शिपलींच्या रेकॉर्डी लावायचे, त्यामुळे हा आवाज कानात लहानपणापासूनचा. इकडे मिशिगनला आल्यावर एका घरच्या जुन्या सामानाच्या विक्रीत ही दिसली आणि घेतली. तिचा कारखानाही याच राज्यातला, कॅलमझूचा.

घरी आणून नीट तपासली. हिला फ्रेट नसतात, नुसत्या रेघा असतात, म्हणून झिजण्यासारखं फार काही नाही. पिकअप पी-९०. मल्टिमीटर लावला तर कॉइल आठ किलो-ओहमच्या आसपास, म्हणजे शाबूत. ट्यूनिंगच्या खुंट्यांची प्लॅस्टिकची टोकं मात्र हात लावला की भुगा होत होती. आणि व्हॉल्यूम फिरवला की खरखर.

झाकण उघडलं तर पॉटच्या, म्हणजे व्हॉल्यूमच्या बटणाखालच्या भागाच्या, पाठीवर कोरलेले आकडे दिसले. सुरुवातीला १३४. त्या काळच्या अमेरिकन पॉटवर पहिले तीन आकडे बनवणाऱ्याचे असतात; १३४ म्हणजे सेंट्रलॅब. पुढे साल आणि आठवडा. बीआर-९ निघाली १९४७ पासून १९५९ पर्यंत, आणि माझ्या गिटारवर वाचता येईल असा दुसरा नंबर कुठेच नव्हता. ती कोणत्या सालची, हे सांगू शकेल असा तो एवढाच पुरावा, आणि नेमके पुढचे आकडे सोल्डरच्या डागाखाली दडलेले. अर्थची तार तिथेच जोडलेली होती. गिटार दुरुस्तीच्या दुकानात दिली; तिथे तार सोडवून आकडे वाचायचे, पॉटमध्ये क्लीनर मारून तेच परत बसवायचे, असं स्पष्ट ठरलं होतं. मी कागदावर लिहूनही दिलं होतं.

गिटार परत आली ती नवे पॉट आणि नवा कंडेन्सर घेऊन. जुने कचऱ्यात, आणि कचरा केव्हाच उचललेला. वर बिलात नव्या मालाचे पैसे लावलेले. मी आकड्यांचं विचारलं तर तो म्हणाला, ‘वाजतेय ना आता?’

हो, वाजतेय. खरखर गेली. टोनही पूर्वीपेक्षा मोकळा झालाय, वरच्या तारा स्वच्छ बोलतात, आणि सी-सिक्स्थला लावून वाजवायला बसलो की नव्या कंडेन्सरबद्दल माझी काही तक्रार उरत नाही. खुंट्या तर मी स्वतःच बदलल्या. भुगा झालेल्या टोकांनी सूर लावणार कसा? पण काढलेल्या खुंट्या पिशवीत घालून गिटारच्या पेटीत ठेवल्यात. पुढे ज्याच्या हाती ती जाईल त्याला मूळ काय होतं ते कळायला हवं. खरखर बहुतेक वेळा आत साठलेल्या धुळीची आणि गंजाची असते, क्लीनरने जाते. तेवढ्यासाठी साठ-सत्तर वर्षांचा पॉट फेकायचा? वस्तू दुरुस्त करणाऱ्याला ती पुसून टाकायचा हक्क कोणी दिला?

मुंबई-पुण्यात कितीतरी घरांत आजोबांची हवाईयन गिटार कपाटावर पडून असेल. ती दुरुस्तीला देणार असाल तर आधी स्वतः उघडा, आतले सगळे आकडे आणि डाग यांचे फोटो काढा, आणि काढलेला प्रत्येक भाग परत मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.