पाकिटाची मागची बाजू

२३ मे
भेंडी, दोडका, मिरची, टोमॅटो. यंदा गच्चीवर एवढंच, पण नीट. बी मागवायला मोबाइल उघडला, तर सगळ्यात आधी निळ्या स्ट्रॉबेरीचं बी. निळी स्ट्रॉबेरी कुठेच पिकत नाही, फोटो रंगवलेला असतो. असलं बी घेणारा बहुधा पहिल्यांदाच कुंडीत काही लावत असतो, याचा मला फार राग येतो. ते उगवत नाही आणि तो म्हणतो, आपल्या हाताला गुणच नाही. पुन्हा कुंडीच्या वाटेला जात नाही.

२४ मे
'हायब्रीड भेंडी, भरघोस उत्पन्न' एवढंच लिहिणारे सगळे बाद. जो वाणाचं नाव देतो त्याच्याकडूनच घ्यायचं. भेंडीत परभणी क्रांती मिळाली. परभणीच्या कृषी विद्यापीठानं हा वाण भेंडीच्या एका जंगली जातभाईशी संकर करून काढला, कारण हळद्या रोगाला तोंड द्यायची ताकद त्या जंगली जातीत होती. हळद्या पांढऱ्या माशीमुळे पसरतो. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात आणि झाड खुंटतं. मिरचीत पुसा ज्वाला घेतली. दोन्ही सरळ वाण, म्हणजे घरचं बी धरता येतं. एफ-१ संकरित बियाणं जोमदार असतं, फळंही एकसारखी येतात. पण त्या फळातलं बी पुढच्या वर्षी पेरलं तर तेच गुण उतरत नाहीत. विकायला पिकवणाऱ्याला ते परवडतं. चार कुंड्यांना दरवर्षी विकतचं बी कशाला?

३० मे
पाकिटं आली. चित्र पाहून झालं की पाकीट उलटावं. लॉट नंबर, चाचणीची तारीख, वैधतेची तारीख, शुद्धता, उगवणक्षमता, सगळं मागे छापलेलं असतं. १९६६ च्या बियाणे कायद्यानं अधिसूचित वाणांसाठी उगवणीची किमान मर्यादा ठरते. भेंडीला ६५ टक्के, मिरचीला ६०. म्हणजे चांगल्या पाकिटातल्याही काही बिया रुजत नाहीत, आणि तो पेरणाऱ्याचा दोष नसतो. भेंडीचं बी गुलाबी आहे. थायरमसारखं बुरशीनाशक चोळलेलं असतं, म्हणून हात धुवायचे आणि उरलेलं बी चिमण्यांना टाकायचं नाही.
दोडक्याचं बी मात्र साध्या प्लास्टिकच्या पिशवीत, वर पेनानं नुसतं 'दोडका'. परत पाठवलं. दुसरं मागवलंय.

४ जून
टोमॅटोची रोपं आली. मुळांशी ओलं कोकोपीट, वर कागद, आणि बंद खोक्यातल्या प्रवासानं पानं पिवळसर. लगेच उन्हात ठेवली तर करपतील; दोन-तीन दिवस सावलीत, मग कोवळं ऊन. लावताना खालची पानं खुडून खोड बरंचसं मातीत पुरायचं. टोमॅटोच्या पुरलेल्या खोडाला मुळं फुटतात, त्यामुळे लांबुडकं झालेलं रोपही सावरतं.
शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या. "अगं, दोडक्याची रोपंपण मिळतात म्हणे. मागवू का?"
"नका मागवू काकू. मुळं दुखावली की दोडका लवकर सावरत नाही. बीच टोचा कुंडीत. माझं आलं की देते तुम्हाला."

९ जून
मृग लागला. भेंडीचं बी रात्रभर भिजवून टोचलं. नवं दोडक्याचं बीही आलं, तेही लावलं. काकूंना त्यातलं दिलं.

१८ ऑगस्ट
भेंडी एक दिवसाआड निघतेय. भेंडीचं फूल सहसा स्वतःच्याच परागानं फळतं, पण मधमाश्याही येतात. म्हणून बियाण्यासाठी निवडलेल्या झाडाच्या कळ्यांना आदल्या संध्याकाळीच कागदी पिशवी बांधते. फळ धरलं की पिशवी काढून देठाला लाल दोरा बांधायचा, म्हणजे ते चुकून भाजीत जात नाही.
अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाण्यांच्या जतनासाठी पद्मश्री मिळाली, ते आपल्यासारख्यांनी नुसतं कौतुकानं वाचून सोडू नये. सरळ वाणाचं बी धरायला शेत लागत नाही, कुंडीतली दोन निरोगी झाडं पुरतात. शेंग झाडावरच वाळून तडकू लागली की काढायची, बी सावलीत सुकवायचं, कोरड्या बरणीत राख घालून ठेवायचं. पेरण्याआधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून पाहायच्या. सहा-सात रुजल्या तर बी चांगलं.
काकूंनी भेंडीचं बी आत्ताच सांगून ठेवलंय. बरणीवर वाणाचं नाव आणि वर्ष लिहूनच देईन.