रारोटोंगाच्या सहलबाई

सहलबाईंना सकाळी नऊची वेळ दिली की त्या बरोबर नऊला निघतात. त्यांच्या घरून. मग वाटेतली दोन हॉटेलं, एक गेस्ट हाऊस, बहिणीकडे टाकायची एखादी पिशवी असं करत करत साडेनऊच्या सुमाराला त्यांची मिनिबस तुमच्यापुढे येऊन उभी राहते. उशीर झाल्याची खूण चेहऱ्यावर शोधून सापडायची नाही. उलट तुम्ही इतक्या लवकर तयार होऊन उभे, याचंच त्यांना कौतुक.

या बाई, म्हणजे बेट दाखवणारी ही सहलच, राहतात रारोटोंगावर. ऑकलंडहून विमानाने ईशान्येला निघालं की साधारण चार तासांनी कुक आयलंड्स नावाचा पंधरा बेटांचा देश लागतो, त्यातलं हे मुख्य बेट. वाटेत वाररेषा ओलांडावी लागते, त्यामुळे शनिवारी निघालेला माणूस शुक्रवारी पोचतो. जिथे पाहुणे आदल्या दिवशी येतात, तिथल्या बाईंना अर्ध्या तासाचं काय!

बेटाभोवती किनाऱ्याने जाणारा रस्ता आहे ३२ किलोमीटरचा. सार्वजनिक बस तो तासाभराच्या आत पुरा करते. सहलबाई तेवढ्याच रस्त्याला अख्खा दिवस लावतात. आणि संध्याकाळी गाडीतून उतरताना ‘अजून राहिलंच की’ असं वाटायला लावतात, हे विशेष.

त्या बसशी बाईंचं फारसं पटत नाही. बस दोन तऱ्हेच्या. एकीच्या कपाळावर ‘क्लॉकवाइज’ लिहिलेलं, दुसरीच्या ‘अँटिक्लॉकवाइज’. एक घड्याळाच्या काट्यांबरोबर फिरते, दुसरी काट्यांच्या विरुद्ध. जायचं कुठे हा प्रश्नच नाही, कुठल्याही दिशेला बसलं तरी गाव येतंच. हात केला की कुठेही थांबतात. गुणी आहेत बिचाऱ्या. पण बाईंच्या मते त्यांच्यात राम नाही, कारण त्या नुसत्या फिरतात, बोलत नाहीत.

बाईंचं तोंड म्हणजे त्यांचा ड्रायव्हर. तोच गाइड, तोच गवई. कानामागे फूल, अंगात फुलाफुलांचा शर्ट, एक हात स्टिअरिंगवर आणि दुसरा खिडकीबाहेर. बाहेरच्या हाताला जास्त काम. स्कूटरवरून पाव घेऊन चाललेली ती आतेबहीण, कुंपण रंगवतोय तो शाळेतला मित्र, रस्ता ओलांडणारा कुत्रा काकांचा. प्रत्येकासाठी हात वर जातो आणि गाडी जरा सावकाश होते. बेटावर कुठेच ताशी ५० किलोमीटरच्या वर जायची परवानगी नाही. बाईंना तेवढा वेगसुद्धा उथळपणाचा वाटतो.

किनाऱ्याचा रस्ता आरा तापू. त्याच्या आतल्या बाजूने, डोंगराच्या पायथ्याशी दुसरा एक जुना रस्ता जातो, आरा मेटुआ. काळ्या दगडांनी आणि प्रवाळाच्या फरशांनी तो हजारेक वर्षांपूर्वी बांधला असं मानतात, आज बराचसा डांबराखाली गेलाय. बाईंचा जीव या आतल्या रस्त्यावर. किनारा परक्यांचा, हॉटेलवाल्यांचा. आत अळूचे पाणथळ वाफे, पपईच्या ओळी, झाडाला बांधलेलं डुक्कर, आणि रस्ता आपल्याच बापाचा असल्यासारख्या हिंडणाऱ्या कोंबड्या. मधूनच मान वर करून बाई डोंगरातला ‘सुई’ नावाचा सुळका दाखवतात. उंची ४१३ मीटर. तो बहुधा ढगात असतो. बाई दाखवतात मात्र अशा थाटात की न दिसणं हा तुमच्या डोळ्यांचा दोष.

घरांपुढे, आपल्याकडे तुळशीवृंदावन असतं त्या जागी, तिथे थडगं असतं. एखाद्याला फरशी बसवलेली, एखाद्यावर पत्र्याचं छप्पर, वर प्लास्टिकच्या फुलांचे हार. इथे बाई गाडी अगदी हळू करतात, पण आवाज हळू करत नाहीत. या देशात जमीन विकता येत नाही. ती कुळाची, फार तर ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर देता येते. तेव्हा आजोबा गेले तरी अंगणातच राहतात. सून कपडे वाळत घालते ती आजेसासूच्या थडग्याला वळसा घालून. पाहुण्यांतलं कुणीतरी हमखास विचारतं, ‘रात्री भीती नाही वाटत?’ ‘घरच्यांची कसली भीती?’ असं बाईंचं उत्तर.

आवारुआ म्हणजे बाईंची राजधानी. दुकानांची एक रांग, एक बंदर आणि समोर खडकांवर एका बुडालेल्या आगबोटीचा बॉयलर. ती ‘मायताई’, १९१६ साली इथे आपटली. शंभरहून जास्त वर्षं लाटा खाऊन बॉयलर अजून डोकं वर काढून आहे. बाई त्याच्याकडे जुन्या भाडेकरूकडे बघावं तसं बघतात.

पण खरी गंमत १८५३ च्या पांढऱ्या चर्चच्या आवारात. तिथे देशाचे पहिले प्रीमियर (सरकारप्रमुख) आल्बर्ट हेन्री यांची समाधी आहे. समाधीवर त्यांचा अर्धपुतळा आणि पुतळ्याच्या नाकावर चष्मा. कोरलेला नव्हे, खराखुरा, काचांचा. गळ्यात बऱ्याचदा हार. १९६५ साली देशाचा कारभार देशाच्या हाती आला तो यांच्या काळात. १९७८ च्या निवडणुकीत त्यांनी न्यूझीलंडमधून मतदार विमानं भरभरून आणवले आणि जिंकले. कोर्टाने ती जीत काढून घेतली, सत्ता गेली, पुढे ‘सर’ ही पदवीही गेली. चष्मा राहिला. बाई हे सगळं सांगताना ना त्यांची बाजू घेत, ना दोष देत. फक्त विमानभाडं कुणाच्या पैशाने, हे मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. पैसे सरकारी होते.

बाईंना अभिमानाच्या काही जागा आहेत आणि त्या दुखऱ्याही आहेत. पहिली म्हणजे कॅप्टन कुक. देशाला नाव त्याचं, पण रारोटोंगावर त्याने पाऊलही ठेवलं नाही. हे बाई दिवसातून तीनदा तरी सांगतात. दुसरी जागा पूर्वेच्या आवाना बंदराची. इथूनच सात मोठ्या होड्या न्यूझीलंडला गेल्या आणि माओरी लोकांची वस्ती त्यातून वाढली, अशी परंपरा. किनाऱ्यावर सात दगड गोलात मांडलेत, एकेका होडीचा एकेक. गाडीत न्यूझीलंडचे पाहुणे असतील, आणि ते असतातच, तर बाईंचा सूर इथे चढतो. तुमचा देश आम्ही शोधला, आता तुम्ही इथे येऊन टॉवेल अंथरताय! मग एकदम आवाज खाली येतो, कारण पुढचं वाक्य त्यांना तितकंसं आवडत नाही. बेटांवर आज जेवढे लोक राहतात त्याच्या कितीतरी पट कुक आयलंडर न्यूझीलंडमध्ये राहतात. पासपोर्टही तिथलाच.

दुपारी मुरीच्या खाडीवर बाई जेवायला वाढतात. समोर पाण्यात चार छोटी बेटं. पाण्याच्या रंगाविषयी त्या चकार शब्द काढत नाहीत, त्यांना ते नळाचं पाणी. आधी नारळ सोलण्याचा कार्यक्रम होतो. जमिनीत रोवलेल्या टोकदार दांड्यावर ड्रायव्हर तीन-चार दणक्यांत नारळ सोलतो आणि मग एखाद्या धट्ट्याकट्ट्या पाहुण्याला बोलावतो. पाहुणा घामाघूम होतो, नारळ शेंडीसकट शाबूत. कोकणातला माणूस पुढे झाला तर मात्र बाईंचा हा विनोद फसतो.

पानात असतो ‘इका माता’, म्हणजे कच्च्या माशाचे तुकडे लिंबात मुरवून नारळाच्या दुधात घातलेले. त्याकडे काही जण संशयाने बघतात. मराठी माणसाची नजर मात्र ‘रुकाऊ’वर अडते. बघावं तर अळूची भाजी! चिंच नाही, गूळ नाही, शेंगदाणे नाहीत. नारळाच्या दाट दुधात पानं पार मऊ होईतो शिजवतात, खाज मोडते ती त्या शिजण्यानेच. माणूस गुपचूप दुसऱ्यांदा वाढून घेतो.

जेवणानंतर बाई धार्मिक होतात. टिटिकावेकाचं १८४१ चं चर्च प्रवाळाच्या फरश्या तासून बांधलंय. आरोरांगीत पापेइहाचं स्मारक आहे. तो रायातेआ बेटावरून आलेला. १८२३ साली मिशनऱ्यांनी त्याला रारोटोंगावर उतरवलं आणि जहाज घेऊन पुढे गेले. नव्या देवाचं सगळं काम या गड्याने केलं. बाई हे भक्तिभावाने सांगतात. सकाळी याच बाईंनी आराई-ते-टोंगाच्या पटांगणावर, जिथे जुन्या सरदारांना गादीवर बसवत, तिथे पाय कुठे ठेवायचा आणि कुठे नाही याबद्दल सगळ्यांना दटावलेलं असतं. दोन्ही देव्हाऱ्यांशी त्यांचं नीट चाललंय. आपण मध्ये पडू नये.

दक्षिणेला वाइमांगा येतं आणि बाई खुर्चीतून किंचित पुढे सरकतात. दिवसभर त्या याच गोष्टीची वाट बघत असाव्यात अशी मला दाट शंका आहे. झाडीत मोठं हॉटेल, म्हणजे हॉटेल होता होता राहिलेलं काहीतरी. नाव शेरेटन असणार होतं. १९९० च्या सुमाराला काम सुरू झालं, इटलीतलं कर्ज, कर्जाला सरकारची हमी. बरंचसं बांधून झाल्यावर १९९३ मध्ये पैसे संपले आणि कामगार निघून गेले. हॉटेलात पाहुणे यायच्या आधी वेली आल्या. देशाच्या डोक्यावर मात्र कर्ज राहिलं, आणि १९९६ पर्यंत अशी पाळी आली की निम्म्याहून जास्त सरकारी नोकर कमी करावे लागले. हजारो माणसांनी ऑकलंडची वाट धरली.

इतका अर्थशास्त्राचा भाग बाई घाईने उरकतात, कारण त्यांचं खरं कारण वेगळंच आहे. १९११ साली याच जमिनीवर एका गोऱ्या मळेवाल्याने गावातल्या माणसाला गोळी घातली. मेलेल्याच्या मुलीने शाप दिला, इथे कुणाचंही काही उभं राहणार नाही. मळे बुडाले, मग हॉटेल बुडालं. पाहुण्यांतला एखादा निवृत्त बँकवाला म्हणतो, पण हमी देताना सरकारने कागद नीट वाचले नसतील. बाई त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघतात. कागद काय, सगळेच वाचतात!

पश्चिमेला राएमारू नावाचा डोंगर आहे, माथा सपाट. त्याचं शिखर चोरीला गेलंय. चोर आयतुताकी बेटावरचे, होड्या घेऊन आले आणि रातोरात शिखर कापून नेलं. मुद्देमाल आजही तिथे मौंगापू टेकडी म्हणून उभा आहे. आयतुताकीवरही सहलबाई असतीलच आणि त्या हीच गोष्ट पराक्रम म्हणून सांगत असतील. या बाईंपुढे मात्र तो विषय हसून काढू नये.

बाईंचा एक दोष सांगायलाच हवा. काळ्या मोत्यांच्या दुकानापाशी त्या ‘पाचच मिनिटं’ म्हणून थांबतात. ‘घेतलंच पाहिजे असं काही नाही,’ असंही म्हणतात. दुकान मावशीच्या ओळखीचं असतं आणि पाच मिनिटांना पाऊण तास लागतो. मोड म्हणून दोन डॉलरचं तिकोनी नाणं हातात पडतं. ते बघण्यात पाहुणा रमतो, तोवर बिल भरून झालेलं असतं. नाणं देशाबाहेर कुणी घेत नाही, हे ड्रायव्हर गाडी सुटल्यावर सांगतो.

शेवटी वायव्येचा काळा खडक. मेलेल्यांचे आत्मे इथून समुद्रावरून पूर्वजांच्या देशी जातात. खडकाजवळच विमानतळ आहे. धावपट्टीच्या टोकाला रस्त्याकडेला भिंत आहे, तिथे पोरं आणि पर्यटक जेट विमानाचा झोत अंगावर घ्यायला उभे राहतात. तसं करू नये असा फलक तिथे लावलेला आहे. बाई तो वाचून दाखवतात आणि विमान किती वाजता येतं तेही सांगतात.

तर जाणं झालं तर ही सहल पहिल्याच दिवशी घ्या. शेवटच्या दिवशी घेतली तर नुसती करमणूक होते. पहिल्या दिवशी घेतलीत तर पुढचे दिवस रस्त्यात तुम्हालाही दोन-चार जण हात करतात. रविवार टाळा, त्या दिवशी बरंच काही बंद असतं आणि बेट चर्चमध्ये गात असतं. आणि गाडीत शक्यतो उजव्या हाताची, डोंगराकडची खिडकी धरा. डावीकडे समुद्र आहे, तो हॉटेलातून फुकट दिसतो.